धागा: एमएक्स-५ चं डायग्नोस्टिक पोर्ट कुठे असतं आणि त्यातून नेमकं काय वाचता येतं?

संत्रानगरी_रोडस्टर

दोन गाड्यांबद्दल विचारायचं आहे. दोन्ही माझदा एमएक्स-५, दोन्ही उजव्या स्टिअरिंगच्या, दोन्ही नागपुरातच फिरतात.

पहिली १९९२ ची, पहिल्या पिढीची, १.६ लिटर. डॅशखाली सगळं चाचपून झालं, १६ पिनांचं सॉकेट कुठेच नाही. मीटरमध्ये चेक इंजिनचा दिवाही नाही. आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) वरखाली होऊन राहिलं, सिग्नलला कधीकधी बंद पडते.

दुसरी २००१ ची, दुसऱ्या पिढीची, १.८. हिला सॉकेट आहे. ब्लूटूथ डोंगल (गाडीची माहिती मोबाइलवर पाठवणारं छोटं यंत्र) लावला की त्याचा दिवा लागतो, पण मोबाइलवर गाडीशी जोडणी होत नाही.

गॅरेजमध्ये दोन्ही गाड्यांना "स्कॅनर घेत नाही" एवढंच उत्तर मिळालं. सुरुवात कुठून करू?

दहा_नंबरचा_पाना

पहिल्या गाडीत सॉकेट सापडणार नाही भाऊ, कारण ते तिच्यात बसवलेलंच नाही. १६ पिनांचं ओबीडी-२ (गाडीतले बिघाड वाचायची प्रमाणित पद्धत) सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आपल्याकडे २०१३ पासून. १९९२ च्या गाडीत माझदाची स्वतःची जुनी पद्धत आहे. बॉनेटखाली एक छोटी प्लास्टिकची डबी असते, तिच्या झाकणावर 'डायग्नोसिस' असं इंग्रजीत उठवलेलं असतं.

जागा अशी: बॉनेट उघडून गाडीच्या नाकासमोर उभे राहा. तुमच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या गाडीत प्रवाशाच्या बाजूला, आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरच्या मागे, सस्पेन्शन टॉवरच्या जवळ बघा. फ्यूजबॉक्सशी गल्लत करू नका, ही डबी त्याहून बरीच लहान आहे. झाकणाची कडी तीस वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असते. नखाने ओढली तर तुटते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही बाजूंनी थोडीथोडी उचला, शक्यतो इंजिन कोमट असताना, तेव्हा प्लास्टिक जरा नरम असतं.

झाकण उलटं केलं की आतल्या बाजूला टर्मिनलांचा नकाशा छापलेला दिसेल. त्याचा फोटो काढून ठेवा. तीच तुमची चावी आहे, नेटवरच्या कुठल्याही चित्रापेक्षा झाकणावर विश्वास ठेवा.

रोज कामाला येणारी टर्मिनलं सहा-सात आहेत. टीईएन: कोड (बिघाडाचे क्रमांक) वाचायला आणि टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडावी ते) लावायला. जीएनडी: अर्थ. एफईएन: कोडचे ब्लिंक इथून बाहेर येतात. बी प्लस: बॅटरीचा १२ व्होल्ट. एफ/पी: पेट्रोल पंप. टीएफए: रेडिएटरचा पंखा. आयजी मायनस: बाहेरचा टॅकोमीटर लावायला.

केलाइन

वरच्यात एक जोडतो. मीटरमध्ये चेक इंजिनचा दिवा नसला तरी अडत नाही. काही देशांसाठीच्या पहिल्या पिढीच्या गाड्यांत तो दिलेलाच नव्हता, ईसीयू (इंजिनाचा संगणक) मात्र कोड साठवतोच. दिवा आपण बाहेरून लावायचा.

लागणारं सामान सीताबर्डीतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं: ५ मिमीचा एक लाल एलईडी, १ किलोओम पाव वॅटचा एक रेझिस्टर, दोन फूट बारीक वायर, थोडी श्रिंक नळी. एलईडीचा लांब पाय बी प्लसला, आखूड पाय रेझिस्टरमधून एफईएनला. रेझिस्टर विसरलात तर एलईडी तत्क्षणी जाईल, आणि उगाच जास्त करंट ईसीयूच्या आउटपुटमधून वाहील, ते त्याहून वाईट.

मग:

चाबी बंद. टीईएन आणि जीएनडी वायरीने जोडा. एलईडी लावा. चाबी ऑन करा, सेल्फ मारू नका. एलईडी सुरुवातीला काही क्षण सलग लागेल, मग कोड ब्लिंक करू लागेल. लांब ब्लिंक साधारण १.२ सेकंदाचा, तो दशक. छोटा ०.४ सेकंदाचा, तो एकक. एक लांब आणि पाच छोटे म्हणजे १५. नुसते आठ छोटे म्हणजे ०८. कोड एकामागोमाग येतात, सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. मोजताना चुकतंच, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि दोन पूर्ण फेऱ्या जुळल्या तरच कोड खरा माना. एलईडी विझून विझलेलाच राहिला तर साठवलेला कोड नाही.

हिंगणा_टूलरूम

त्या जंपर वायरीबद्दल दोन शब्द, कारण इथेच लोक गाडीचं नुकसान करतात. कागदाची पिन वाकवून खुपसायची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. करू नका. डबीत बी प्लस आणि जीएनडी जवळजवळ आहेत, उघडी पिन हलली की शॉर्ट, नशिबाने फ्यूज जातो. शिवाय गोल पिन चपट्या पात्यासाठी केलेल्या टर्मिनलला रुंद करते, मग पुढच्या वेळी तिथे संपर्कच नीट बसत नाही.

६ इंच ०.५ चौरस मिमीची वायर घ्या, दोन्ही टोकांना अरुंद चपटे नर टर्मिनल क्रिंप करा, मान श्रिंक नळीने झाकून फक्त ५ मिमी पातं उघडं ठेवा. बसत नसेल तर रेटू नका, पातं कानशीने बारीक करा.

डबीत हिरवट बुरशी दिसली तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या. पावसाळ्यानंतर जवळपास हमखास असते. आणि त्या कोपऱ्यातल्या वायरी उंदरांना आवडतात, डबी उघडलीच आहे तर खालून येणारा हार्नेस बोटाने चाचपून घ्या.

संत्रानगरी_रोडस्टर

डबी सापडली, सांगितलेल्या जागीच. एलईडी लावून तीन कोड मिळाले: ०८, १० आणि १५. दोन फेऱ्या सारख्याच. तीन सेन्सर बदलायचे का?

दहा_नंबरचा_पाना

एकही बदलू नका, अजून तरी.

०८ म्हणजे एअरफ्लो मीटर, १० म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान. १.६ मध्ये तापमानाचा सेन्सर एअरफ्लो मीटरच्या आतच असतो आणि दोघांचा प्लग एकच. दोन्ही कोड जोडीने आले की सेन्सर मेला असण्यापेक्षा प्लग ढिला किंवा गंजलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. कुणी एअर फिल्टर बदलताना चाबी ऑन ठेवून तो प्लग काढला असेल तरी हेच दोन कोड साठून बसतात. प्लग काढा, पिना साफ करा, परत बसवा, कोड पुसा, दोन-चार दिवस चालवून पुन्हा वाचा.

१५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल नाही. तो ०८ चा परिणामही असू शकतो, कारण हवेचं मोजमापच चुकलं तर मिश्रण इतकं बिघडतं की सेन्सर एकाच टोकाला चिकटून राहतो. आधी ०८ सोडवा, मग १५ कडे बघा.

बाकीचे कोड हाताशी असू द्या: ०२ आणि ०३ कॅम अँगल सेन्सर, ०९ कूलंटचं तापमान, १४ वातावरणाचा दाब, १७ ऑक्सिजन सेन्सर आहे पण मिश्रण सुधारत नाही, २६ पर्ज सोलेनॉइड, ३४ आयडल व्हॉल्व्ह. मॅन्युअल गिअरच्या १.६ मध्ये थ्रॉटलवर नुसता स्विच असतो, त्याचा कोड येत नाही. तो स्विच पाय सोडल्यावर नीट लागला नाही तर आयडल नाचतं, आणि ईसीयू मात्र गप्प.

केलाइन

सिग्नलला बंद पडते म्हणालात, त्यासाठी याच डबीत एक सुंदर परीक्षा आहे.

१.६ च्या एअरफ्लो मीटरमध्ये एक झडप असते. ती हवेने उघडली की आतला छोटा स्विच लागतो आणि तोच पेट्रोल पंप चालू ठेवतो. मीटर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या नळीला चीर गेली की हवा तिथून घुसते, झडप पुरती उघडत नाही, आयडलला स्विच सुटतो, पंप बंद, गाडी बंद. कोड मात्र येईलच असं नाही.

एफ/पी आणि जीएनडी जोडा, चाबी ऑन करा. मागून पंपाची घूंघूं ऐकू आली पाहिजे. आता गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं आयडलवर ठेवा. जोडल्यावर बंद पडत नाही आणि काढल्यावर पडते, तर दोष झडपेचा स्विच किंवा नळी. जोडूनही पडते, तर पंपाचा नाद सोडा, दुसरीकडे बघा.

नळी तपासताना घडीच्या रबराचा भाग दोन्ही हातांनी ताणा. चीर घडीच्या तळाशी असते, नुसती बघून दिसत नाही.

परीक्षा झाली की जंपर काढा. ती जोडून रस्त्यावर जायचं नाही, कारण अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल फेकत राहील.

काटोल_रोड

टायमिंगचा विषय निघालाच आहे तर, टीईएन-जीएनडी जोडून लोक १० च्या ऐवजी १४ अंशांवर लावतात. खालून ओढ चांगली येते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्याचा ऑक्टेन जुन्या ९१ पेक्षा वरचा. मग नागपुरात १४ का नको?

दहा_नंबरचा_पाना

पद्धत आधी, वाद नंतर.

इंजिन पूर्ण गरम, एसी, दिवे, पंखा सगळं बंद. टीईएन-जीएनडी जोडलं की ईसीयू स्वतःच्या दुरुस्त्या थांबवतो. आधी आयडल: थ्रॉटल बॉडीवर काळ्या बुचाखाली हवेचा स्क्रू आहे, तो फिरवून ८५०, पन्नास इकडेतिकडे. थ्रॉटलच्या तारेजवळचा स्टॉप स्क्रू कारखान्यात लावलेला असतो, त्याला हात लावू नका. डॅशवरचा टॅको यासाठी पुरेसा अचूक नाही, आयजी मायनसला बाहेरचा लावा. मग टायमिंग लाइट एक नंबरच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या प्लगच्या वायरीला. पुलीवरची खूण १० अंशांवर हवी, एक अंश इकडेतिकडे. नसेल तर हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या कॅम अँगल सेन्सरचा १२ नंबरचा बोल्ट ढिला करून सेन्सर केसभर फिरवा. बोल्ट आवळल्यावर पुन्हा बघा, आवळताना हमखास सरकतो. तिथेच खाली ऑइलचा ओघळ दिसला तर सेन्सरची ओ-रिंग गेलेली आहे.

बॅटरी डिक्कीत असल्यामुळे टायमिंग लाइटच्या क्लिपा पोहोचत नाहीत. १२ व्होल्टची स्कूटरची बॅटरी शेजारी ठेवा, काम भागतं.

जंपर काढायला विसरलात तर गाडी जड, मरगळलेली वाटेल, कारण टायमिंग तिथेच अडकून बसलेलं असतं.

केलाइन

आता १४ चं. काटोल_रोड, ऑक्टेनची गोष्ट बरोबर आहे, पण अर्धीच. नुसत्या पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, वीस टक्के इथेनॉलला साधारण १३.५. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर फरक ओळखून इंधन वाढवतो. पूर्ण रेस दिली की ही गाडी सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन देते, आणि तो तक्ता इथेनॉलविना पेट्रोलसाठीचा आहे. म्हणजे ऐन जोरात मिश्रण आधीपेक्षा पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी. त्यात १.६ ला नॉक (मिश्रण अवेळी जळून बसणारा ठोका) सेन्सर नाही, ईसीयूला ठोका ऐकूच येत नाही, टायमिंग मागे घ्यायचं त्याला कळत नाही. वर मे महिन्यातली पंचेचाळीस डिग्री. मी १० च ठेवीन.

काटोल_रोड

पटलं. पूर्ण रेसच्या पातळ मिश्रणाचा विचार केला नव्हता. हिवाळ्यात १२?

दहा_नंबरचा_पाना

हिवाळ्यात १२ लावून उन्हाळ्यात परत १० लावायला कोण आठवण ठेवते बे. १०.

हिंगणा_टूलरूम

डबी उघडलीच आहे तर टीएफएही वापरून घ्या. चाबी ऑन, टीएफए-जीएनडी जोडा, रेडिएटरचा पंखा लगेच सुरू व्हायला हवा. सुरू झाला म्हणजे मोटर, रिले, फ्यूज, वायरिंग ठीक. असं असूनही ट्रॅफिकमध्ये पंखा लागत नसेल तर राहिला थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा थर्मोस्विच, जो साधारण ९७ डिग्रीला लागायला हवा. मार्च संपायच्या आत करून घ्यायची ही दोन मिनिटांची तपासणी आहे. व्हरायटी चौकात काटा लालकडे जाताना करायची नाही.

संत्रानगरी_रोडस्टर

पहिल्या गाडीचा प्लग साफ केला, आत हिरवं होतं. नळीच्या घडीत दोन इंचांची चीरही निघाली. कोड पुसायचे कसे?

दहा_नंबरचा_पाना

डिक्कीत बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढा, १० नंबरचा पाना. मग ब्रेक पेडल वीस सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट संपतो. क्लिप जोडण्याआधी टीईएनचा जंपर निघालेला आहे ना ते बघा. स्टिरिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

डिक्की उघडलीच आहे तर बॅटरीला बाहेर जाणारी वायूची नळी लागलेली आहे का तेही बघा. आपल्याकडे बऱ्याचदा साधी बॅटरी बसवून नळी तशीच लोंबकळत सोडतात. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन मग बंद डिक्कीत साचतो. बाकी गाड्यांत हा प्रश्न येत नाही, म्हणून बॅटरीवाल्याच्याही लक्षात येत नाही.

केलाइन

आता दुसरी गाडी. डोंगलचा दिवा लागतो म्हणजे जोडणी ठीक आहे, असा समज सोडा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट चाबी बंद असतानाही येतो. दिवा फक्त तेवढंच सांगतो.

सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशच्या खालच्या काठाला, पायांच्या वर. रुंद बाजू वर धरली तर वरच्या रांगेत डावीकडून १ ते ८, खाली ९ ते १६. मल्टिमीटर घ्या आणि या क्रमानेच जा:

१६ आणि ४ मध्ये बॅटरीइतकं व्होल्टेज, म्हणजे १२.४ च्या वर. १६ आणि ५ मध्येही तेवढंच. ४ ठीक आणि ५ वर काही नाही, असं झालं तर डोंगल पेटेल पण बोलणार नाही. १६ वर काहीच नाही तर फ्यूज बघा, बहुतेक गाड्यांत ही पिन आतल्या दिव्याच्या किंवा सिगरेट लायटरच्या फ्यूजवर असते. लायटरमध्ये स्वस्त चार्जर खुपसून तो फ्यूज उडवणं हे पोर्ट 'मरण्याचं' सगळ्यात सामान्य कारण. अर्थची खरी परीक्षा: ४ नंबर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात, चाबी ऑन असताना, ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक.

मीटरचे जाड प्रोब सॉकेटच्या तोंडातून खुपसू नका, टर्मिनल रुंदावतात. वायरीच्या बाजूने मागून बारीक टाचणी सरकवा.

आता बोलण्याची वायर. तुमच्या २००१ च्या गाडीत कॅन (नव्या गाड्यांतली दोन वायरींची डेटा लाइन) नाही, ७ नंबरच्या पिनेवर के-लाइन (एकाच वायरीची जुनी डेटा लाइन) आहे, प्रोटोकॉल (बोलण्याची ठरलेली रीत) आयएसओ ९१४१-२. डोंगल लावलेला, चाबी ऑन, ७ आणि ५ मध्ये मागून मोजा. बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज हवं. शून्याच्या जवळ असेल तर ती वायर कुठेतरी अर्थला चिकटली आहे. नंतर बसवलेला अलार्म किंवा स्टिरिओ पहिला संशयित.

काटोल_रोड

आणि चाबी पूर्ण ऑन, नुसती ॲक्सेसरीवर नको. हसू नका, अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

केलाइन

खरं आहे.

व्होल्टेज सगळी बरोबर आली तर दोष बहुतेक डोंगलचा. ईएलएम३२७ (अशा डोंगलमधली चिप) च्या नकला दोन प्रकारच्या फिरतात, '१.५' आणि '२.१' असं लिहिलेल्या. २.१ लिहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांत जुने प्रोटोकॉल अर्धवट असतात. कॅनवर त्या ठीक चालतात, म्हणून नव्या गाडीवर तपासून "डोंगल चांगला आहे" म्हणणं फसवं. के-लाइन गाडीला ईसीयू जागा करायलाच दोनेक सेकंद लागतात. ॲप तेवढी वाट बघत नाही आणि 'गाडी सापडली नाही' म्हणतं.

ॲपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल आपोआप न ठेवता आयएसओ ९१४१-२ निवडा. ॲपच्या कमांड लिहायच्या स्क्रीनवरून करायचं तर एटीझेड, मग एटीएसपी३, मग ०१००. (टाइप रोमन अक्षरांतच करायचं, इथे फक्त देवनागरीत लिहितोय.) ४१ ०० ने सुरू होणारं उत्तर आलं की जोडणी झाली. एटीआरव्ही दिलं तर डोंगल पोर्टवरचं व्होल्टेज सांगतो. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास हवं.

आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालणार नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी ऊर्जेचं ब्लूटूथ) वाला लागेल.

आणखी एक फाटा: गाडी थेट जपानी बाजाराची असेल, म्हणजे १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) ऐवजी एनबी६सी किंवा एनबी८सी ने सुरू होणारा चॅसिस नंबर असेल, तर १६ पिनांचं सॉकेट असूनही ती सर्वसाधारण ओबीडी-२ बोलत नसण्याची शक्यता आहे. मग डोंगल बदलून उपयोग नाही, माझदासाठीचा वेगळा स्कॅनर लागेल. जेएमझेड ने सुरू होणारा १७ अक्षरी नंबर म्हणजे युरोपसाठीची गाडी, तिथे प्रयत्न चालू ठेवा.

संत्रानगरी_रोडस्टर

जेएमझेड आहे. व्होल्टेज सगळी बरोबर. १.५ चा डोंगल आणला, प्रोटोकॉल हाताने निवडला, लगेच जोडला गेला. कोड पी०१७१. ऑक्सिजन सेन्सर?

दहा_नंबरचा_पाना

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. ते सांगतंय कोण? ऑक्सिजन सेन्सर. बातमी देणाऱ्यालाच फासावर नका चढवू.

कोड पुसण्याआधी फ्रीज फ्रेम वाचून लिहून ठेवा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान काय होतं ते त्यात असतं, आणि पुसताना तेही जातं. मग लाइव्ह डेटात जा. के-लाइन मंद आहे, एकाच वेळी दहा आकडे लावले तर प्रत्येक आकडा शिळा येईल. तीनच ठेवा: आरपीएम, शॉर्ट टर्म ट्रिम, लाँग टर्म ट्रिम (ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय, तात्पुरती आणि शिकलेली). इंजिन गरम झाल्यावर आयडलला दोन मिनिटं, मग २५०० ला धरून दोन मिनिटं. दोन्ही ठिकाणी दोन ट्रिमची बेरीज करून इथे टाका.

केलाइन

ॲपच्या आकड्यावर शंका आली तर स्वतः मोजता येतं. उत्तरं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेल्या आकड्यांत येतात. ०१०सी (आरपीएम) ला उत्तर ४१ ०सी ०डी ४८ आलं: ०डी म्हणजे १३, ४८ म्हणजे ७२. १३ गुणिले २५६ अधिक ७२, भागिले ४, बरोबर ८५० आरपीएम. ०१०७ (लाँग टर्म ट्रिम) ला ४१ ०७ ८ए आलं: ८ए म्हणजे १३८, वजा १२८, गुणिले १००, भागिले १२८, म्हणजे अधिक ७.८ टक्के. कूलंटला नुसते ४० वजा करायचे, ८२ आलं तर १३० वजा ४०, नव्वद डिग्री.

संत्रानगरी_रोडस्टर

आयडलला अधिक १८. २५०० ला अधिक ८. तीनदा केलं, एखाद्या टक्क्याचा फरक.

केलाइन

हे आकडे फार बोलके आहेत.

दोन दोष एकावर एक बसलेत, त्यातला एक दोषच नाही. २५०० चे ८ हे इथेनॉल. १४.७ ऐवजी १३.५ लागतं म्हणजे सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन, जुन्या गाडीचा ईसीयू तेवढं वाढवून घेतो. इंधनामुळे आलेली ट्रिम आयडलला, २५०० ला, चढावर, सगळीकडे साधारण सारखी असते. ती दुरुस्त करायची नसते.

वरचे १० फक्त आयडलला आहेत. ती चोरून येणारी हवा. गळती तेवढीच राहते, पण २५०० ला इंजिन कितीतरी जास्त हवा घेतं, म्हणून तिचा वाटा नगण्य होतो. उलटं असतं, म्हणजे आयडलला ठीक आणि जोर दिल्यावर ट्रिम वाढते, तर पंप, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर बघितला असता.

पी०१७१ साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. आधी दहा टक्के गळती गाडी निमूट पचवत होती. पेट्रोल बदललं, आठ वाढले, त्यात गार इंजिन किंवा एसीची भर, आणि आता मर्यादा ओलांडली. म्हणून "पेट्रोलमुळे कोड आला" हे खरंही आहे आणि नाहीही.

हिंगणा_टूलरूम

गळती शोधताना ज्वलनशील स्प्रे मारत बसू नका. इनटेक उजव्या बाजूला आहे आणि एक्झॉस्ट डाव्या, तेवढं बरं, तरी तापलेल्या इंजिनावर ते कामच वाईट. त्याऐवजी चिमटा. शॉर्ट टर्म ट्रिम मोबाइलवर समोर ठेवा आणि एकेक व्हॅक्यूम नळी गुळगुळीत जबड्याच्या पकडीने, मध्ये कापड ठेवून, दहा सेकंद दाबा. जी दाबल्यावर ट्रिम एकदम खाली येईल, ती किंवा तिच्या पलीकडचं काही फुटलंय. क्रम: पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये नेणारी), ब्रेक बूस्टर, पर्ज (पेट्रोल टाकीची वाफ इनटेकमध्ये नेणारी). बूस्टरची नळी दाबलेली असताना गाडी हलवायची नाही, ब्रेक दगडासारखा होतो.

विदर्भ_एनडी

मध्येच विचारतो: तिसऱ्या-चौथ्या पिढीला हेच सगळं लागू?

केलाइन

सॉकेट ड्रायव्हरच्या पायाशीच, पण बोलणं कॅनवर: पिन ६ आणि १४, ५०० केबीपीएस. बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. ६० हवेत. १२० आले तर दोनपैकी एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. त्या काळच्या माझदा-फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत ३ आणि ११ वर दुसरी, १२५ केबीपीएसची मंद कॅन असते, बॉडीचे मॉड्यूल तिच्यावर. फोरस्कॅन (फोर्ड-माझदासाठीचं ॲप) आणि दोन्ही कॅनमध्ये बदलता येणारा अडॅप्टर घेतलात तर दोन्ही वाचता येतील.

डोंगल कायम लावून ठेवू नका, हे सगळ्यांनाच. नकली डोंगल झोपत नाहीत, ३० ते ५० मिलिअँपिअर ओढत राहतात. ४५ धरले तर दिवसाला १ अँपिअर-अवरच्या वर, पंधरवड्यात सोळा. या गाड्यांच्या लहान बॅटरीत त्यानंतर सेल्फ मारण्यापुरतंही उरत नाही, आणि अशा गाड्या पंधरवडा उभ्या असतातच.

संत्रानगरी_रोडस्टर

पीसीव्हीची नळी दाबली, आयडलची ट्रिम १८ वरून ९ वर. नळी चांगली दिसते. कॅम कव्हरमध्ये व्हॉल्व्ह बसतो तिथलं रबर दगडासारखं कडक झालंय, व्हॉल्व्ह हाताने गरगर फिरतो.

पहिल्या गाडीचे कोड पुसले, नंतर नळी बदलली. एलईडीवर आता फक्त १५ येतो.

दहा_नंबरचा_पाना

दुसरीचं रबर बदला, व्हॉल्व्हही सोबतच. काढल्यावर हलवून बघा, आत खुळखुळ वाजली पाहिजे, नाही वाजली तर अडकलेला आहे. मग कोड पुसा, लाँग टर्म ट्रिम पुन्हा शिकायला दोन-तीन दिवस द्या. दोन्हीकडे आठच्या आसपास स्थिरावली की झालं. शून्य होण्याची वाट बघू नका.

पहिलीच्या १५ साठी: कोड पुसल्यानंतर आला की आधीचाच साठलेला आहे, ते आधी ठरवा. नळी बदलल्यावर बॅटरी काढली होती का?

संत्रानगरी_रोडस्टर

नाही काढली. करतो आणि परत वाचतो.